फिलिप मेडोज टेलर आणि त्याचे साहित्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिलिप मेडोज टेलर कोण होता?

एकोणिसाव्या शतकातील हा इंग्रज अधिकारी आणि कादंबरीकार होता. त्याचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला आणि १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधील मेंतों येथे त्याचे निधन झाले. मधल्या काळातील जवळजवळ छत्तीस वर्षे तो दख्खनमध्ये होता. औरंगाबाद, हिंगोली, तुळजापूर, नळदुर्ग, बुलढाणा आणि आज कर्नाटकात असलेले सुरपूर ही त्याच्या नोकरीची आणि पुढे लेखनाचीही ठिकाणे झाली. जगभर त्याचे नाव राहिले ते वाटसरूंचा गळा आवळून लुटणाऱ्या ठगांवरील, १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीमुळे. मात्र मराठी वाचकाने त्याच्याकडे केवळ ठगांचा कथाकार म्हणून पाहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मराठवाड्यातील गावे, देवळे आणि माणसे इतक्या जवळून पाहिलेला त्या काळातील दुसरा इंग्रज कादंबरीकार दाखवणे अवघड आहे, आणि त्याचे हे पाहणे खुनांच्या कथेपेक्षा त्याच्या इतर पुस्तकांत अधिक उतरले आहे.

तो कंपनी सरकारचा नोकर होता का?

नाही, आणि ही बाब त्याला समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे. वयाच्या पंधराव्या वर्षी तो मुंबईला आला तो एका इंग्रज व्यापाऱ्याच्या पेढीवर काम करण्यासाठी. पुढे भागीदारी मिळेल असे आश्वासन होते, परंतु प्रत्यक्षात पेढीच अडचणीत होती. मुंबई सरकारात मोठ्या पदावर असलेल्या एका नातेवाइकाच्या खटपटीने १८२४ मध्ये त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि तो औरंगाबादेस रुजू झाला. कंपनीच्या सनदी नोकरांना मिळणारा मान, बढतीची शाश्वती आणि लंडनमधील वशिला यांपैकी काहीही त्याच्या वाट्याला आले नाही. त्यामुळे भाषा शिकणे हेच त्याचे भांडवल ठरले. हिंदुस्थानी, फारसी आणि मराठी या भाषा त्याने मेहनतीने आत्मसात केल्या. बाजाराची देखरेख, पोलीस, महसूल, जमिनीची मोजणी अशी नाना कामे त्याच्यावर पडत गेली आणि दुभाष्याला मध्ये न घालता रयतेशी बोलण्याची सवय त्याला लागली. त्याच्या कादंबऱ्यांतील संवाद त्या काळातील इतर इंग्रजी कादंबऱ्यांपेक्षा कमी कृत्रिम वाटतात, त्याचे कारण बहुधा हेच आहे.

‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी कशावर आधारलेली आहे?

मुख्यतः ठगांच्या जबान्यांवर. ठगांविरुद्धची मोहीम जबलपूरचा इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याच्या नावाशी जोडली जाते, परंतु तिचे धागे निजामाच्या मुलखातही पोहोचले होते. पकडलेल्या ठगांपैकी काहींना माफीचे साक्षीदार करून त्यांच्याकडून साथीदारांची नावे आणि पुरलेल्या प्रेतांच्या जागा काढून घेतल्या जात. हैदराबाद संस्थानात हे काम कॅप्टन रेनॉल्ड्स याच्याकडे होते, आणि टेलरनेही अशा जबान्या ऐकल्या व नोंदवल्या.

कादंबरीच्या प्रस्तावनेतील हिंगोलीची हकिकत तर मुळातून वाचावी अशी आहे. हिंगोलीच्या छावणीत हरिसिंग नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. त्याची पत चांगली होती आणि खुद्द टेलरचेही त्याच्याशी देणेघेणे असे. मुंबईहून कापड आणायचे आहे असे सांगून या गृहस्थाने रेनॉल्ड्सकडून रीतसर परवाना घेतला. वस्तुतः ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते आणि वाटेत होते. हरिसिंगने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्या माणसांना ठार मारले, सरकारी परवान्यावर माल छावणीत आणला आणि उघडपणे विकला. पकडला गेल्यावर त्याने स्वतःच हे सांगितले, तेही एखादी गमतीची गोष्ट सांगावी तसे. पुढे टेलर लिहितो की छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून अगदी हाकेच्या अंतरावर माणसे मारली गेली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर ती पुरलेली होती. साक्षीदारांनी दाखवलेले असे अनेक खड्डे त्याच्या समक्ष उकरले गेले. एकेका खड्ड्यात अनेक प्रेते निघू लागली तेव्हा किळस येऊन शोध थांबवावा लागला.

वर्षानुवर्षे ज्या बाजारात आपण खरेदी केली त्याच बाजारात हे चालले होते, याचा धक्का कादंबरीभर जाणवतो. कादंबरीतील भीती रानावनातील नाही, ओळखीच्या माणसाची आहे. ठग वाटसरूंना सोबत देतात, त्यांच्याशी गप्पा मारतात, त्यांच्या पंगतीला बसतात आणि इशारा होताच गळ्याला रुमाल आवळतात.

अमीर अली हे पात्र खरे होते का?

अमीर अली नावाचा साक्षीदार आपल्यासमोर होता आणि ७१९ खुनांत आपला हात असल्याचे त्याने कबूल केले होते, असे टेलरने प्रस्तावनेत म्हटले आहे. बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर हा आकडा हजारावर गेला असता, अशी खंतही त्याच्या तोंडी आहे. तथापि कादंबरीतील अमीर अली अनेकांच्या जबान्या एकत्र गुंफून घडवलेला आहे. लहानपणी ज्याचे आईवडील ठगांनी मारले, ज्याला ठगांच्याच सरदाराने मुलगा म्हणून वाढवले आणि ज्याने पुढे नकळत आपल्याच बहिणीचा जीव घेतला, अशी ही कथा आहे. शेवटचे वळण सरळसरळ कादंबरीकाराचे आहे. सगळ्या घटना जवळपास खऱ्या असून कल्पनेचा उपयोग केवळ त्या जोडण्यापुरता केला आहे, हे लेखकाचे विधान म्हणूनच थोडे जपून घ्यावे लागते.

ही कादंबरी इतकी गाजली कशामुळे?

इंग्लंडमध्ये त्या वेळी गुन्हेगारांच्या कथांची लाट होती आणि ठगांविषयीचे कुतूहल ताजे होते. खुद्द व्हिक्टोरिया राणीने छपाईतील तपासलेले फर्मे जसजसे तयार होतील तसतसे मागवून घेतले, असे टेलरने आत्मचरित्रात नमूद केले आहे. पण केवळ नवलाईवर पुस्तक पावणेदोनशे वर्षे टिकत नाही. ही कादंबरी जवळजवळ संपूर्णपणे खुन्याच्या निवेदनातून सांगितलेली आहे. तिच्यातला गोरा साहेब बहुतेक वेळ गप्प बसून ऐकतो. अमीर अली देखणा आहे, बोलण्यात मिठ्ठास आहे, बायकोमुलीवर त्याचे प्रेम आहे आणि केलेल्या कर्माचा त्याला पश्चात्ताप मात्र नाही. वाचक त्याच्या गोडव्याला भुलतो, आणि वाटसरूही असेच भुलले असतील हे त्याच्या उशिरा ध्यानात येते. आमच्या मते टेलरच्या कारागिरीचा हा उत्तम नमुना आहे.

आजचे अभ्यासक या कादंबरीवर कोणते आक्षेप घेतात?

पहिला आक्षेप पुराव्याविषयी आहे. माफीच्या साक्षीदाराचा जीव त्याच्या जबानीवर अवलंबून होता, त्यामुळे साहेबाला हवे ते सांगण्याकडे त्याचा कल असणे स्वाभाविक होते. १८३६ च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत सामील असल्याचे सिद्ध होणे एवढ्यावरच जन्मठेप देण्याची सोय केली, विशिष्ट खून सिद्ध करण्याची गरज उरली नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. वाटमारी आणि वाटसरूंचे खून होत होते, याबद्दल फारसे दुमत नाही. मात्र देशभर पसरलेला, एकाच देवीच्या आज्ञेने चालणारा, पिढ्यान्‌पिढ्यांचा गुप्त पंथ हे चित्र कितपत खरे आणि कितपत राज्यकर्त्यांच्या गरजेतून तयार झालेले, यावर वाद आहे. काम गेलेले शिपाई, विस्कटलेली लहान राज्ये, दुष्काळ आणि अशा टोळ्यांना आश्रय देणारे जमीनदार ही कारणे लक्षात घेतली की त्यातले धर्माचे गूढ बरेच ओसरते. टेलरच्या कादंबरीने ते गूढ घरोघरी पोहोचवले आणि नंतरच्या कादंबऱ्या व चित्रपट त्याच पायवाटेने गेले. हे त्याच्या वारशाचे जड पारडे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

ठगांचा छडा टेलरने लावला होता का?

नाही. पोलीस अधिकारी असताना आपल्याला संशय आला होता, पण शोध पुरा होण्याआधीच बदली झाल्याने श्रेय स्लीमनला गेले, अशी हळहळ त्याने आत्मचरित्रात व्यक्त केली आहे.

‘तारा’ ही कादंबरी मराठी वाचकासाठी विशेष का मानावी?

कारण ती आपल्या मुलखात घडते आणि तो मुलूख लेखकाच्या पायाखालचा आहे. १८६३ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीची नायिका तुळजापूरच्या व्यासशास्त्री नावाच्या विद्वान ब्राह्मणाची बालविधवा मुलगी आहे. शास्त्र्यांच्या दोन पत्नी आनंदा आणि राधा, राधेचा कारस्थानी भाऊ मोरो त्रिमल, देवीच्या गाभाऱ्यात तारेच्या अंगात येणारा संचार, घाटाच्या पायऱ्या, विजापूरच्या दरबारातील राजकारण आणि अफझलखानाच्या फौजेने देवळावर घातलेला घाला, असा तिचा विस्तार आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत टेलरचा तुळजापूरच्या परिसरात वावर होता आणि पुढे नळदुर्गाला असताना तो भाग त्याच्याच अखत्यारीत आला. बालाघाटाच्या कड्यावरून खाली दिसणारे रान, पावसाळ्यातील ओहोळ, ब्राह्मणाच्या घरातील रोजचा दिनक्रम यांची वर्णने केवळ वाचलेल्या माहितीवरून आलेली नाहीत हे लगेच कळते.

‘कन्फेशन्स’ आणि ‘तारा’ लागोपाठ वाचल्यास एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. पहिल्या कादंबरीतील भवानी ही गळा आवळणाऱ्यांना कौल देणारी देवी आहे. चोवीस वर्षांनी लिहिलेल्या दुसऱ्या कादंबरीतील भवानी ही एका विधवा मुलीचा आधार आहे, गावाचे दैवत आहे आणि स्वराज्याची प्रेरणाही आहे. जबान्या नोंदवणाऱ्या तरुण अधिकाऱ्याने देवी पाहिली ती आरोपींच्या तोंडून. प्रौढ वयात त्याने ती भक्तांकडून समजून घेतली. हा बदल नीट नोंदवला गेलेला नाही, कारण इंग्रजी वाचक पहिल्या पुस्तकावरच थांबला.

‘तारा’मध्ये शिवाजी महाराज आणि अफझलखान यांचे चित्रण कसे आहे?

मराठी वाचकाला ते खटकेल, हे आधीच सांगितलेले बरे. प्रतापगडच्या भेटीकडे टेलर विश्वासघात म्हणून पाहतो. इंग्रज इतिहासकार ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात जी बाजू मांडली होती तीच येथे कथारूपाने येते, आणि कादंबरीचा नायक तर अफझलखानाचा मुलगा फाजल आहे. दुसरीकडे महाराजांची श्रद्धा, मातोश्रींचा प्रभाव आणि तानाजी मालुसऱ्यांसारख्या साथीदारांची निष्ठा यांचे चित्रण आदराने केलेले आहे. मराठ्यांचा उठाव हा लुटारूंचा दंगा नसून त्यामागे लोकांच्या मनातील खोल भावना होती, हे त्याला दिसले होते, मात्र त्याची सहानुभूती विजापूरच्या बाजूला झुकलेली राहिली.

तारखांचाही घोटाळा आहे. टेलरला १६५७ मधील मराठ्यांचा उदय, १७५७ ची प्लासीची लढाई आणि १८५७ चा उठाव अशी शंभर-शंभर वर्षांची साखळी जुळवायची होती. ‘तारा’, ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) आणि ‘सीता’ (१८७२) या तीन कादंबऱ्या त्या साखळीतील तीन कड्या आहेत. प्रत्यक्षात अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजी झाला. योजना सुबक दिसावी म्हणून इतिहासाला दोन वर्षे मागे ओढलेले आहे.

नळदुर्ग आणि बुलढाणा येथे त्याने कोणते काम केले?

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा भाग इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा नळदुर्गचा कारभार टेलरकडे आला. बोरी नदीच्या काठावरील त्या प्रचंड किल्ल्यातच त्याचे वास्तव्य होते. जमिनीची मोजणी, महसुलाची फेररचना, रस्ते आणि तलाव ही कामे त्याने हाती घेतली. १८५७ मध्ये उत्तरेत उठाव भडकल्यावर हैदराबादच्या रेसिडेंटने, म्हणजे निजामाच्या दरबारातील इंग्रज प्रतिनिधीने, त्याला वऱ्हाडात पाठवले. द्यायला सैन्य नाही, कसेही करून टिकून राहा, अशा अर्थाचा तो हुकूम होता. बुलढाण्याला राहून त्याने तो भाग फौजेशिवाय शांत ठेवला. याचे श्रेय तो लोकांशी असलेल्या संबंधांना देतो. वाचताना हे त्याचे स्वतःविषयीचे म्हणणे आहे, हे विसरू नये.

सुरपूरच्या राजाची हकिकत काय आहे?

टेलरच्या आयुष्यातील ही सर्वांत क्लेशकारक घटना आहे आणि त्याच्या ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ या आत्मचरित्रातील सर्वांत चांगली पाने तिच्याविषयी आहेत. १८४१ च्या सुमारास त्याची नेमणूक सुरपूर या बेरड संस्थानात झाली. राजा वेंकटप्पा नायक तेव्हा लहान होता. त्याची आई राणी ईश्वरम्मा कारभारावरील पकड सोडायला तयार नव्हती. टेलरने १८५३ पर्यंत संस्थान सांभाळले, मुलाला वाढवले, आणि मुलगा त्याला ‘अप्पा’ म्हणत असे. सज्ञान झालेल्या राजाच्या हाती कारभार देऊन टेलर नळदुर्गाला गेला.

१८५८ मध्ये याच राजाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. पराभवानंतर तो हैदराबादेत पकडला गेला आणि टेलर त्याला कोठडीत भेटला. साथीदारांची नावे सांगितल्यास शिक्षा कमी होऊ शकेल, असे सुचवले गेले असता त्याने ते साफ नाकारले. तोफेच्या तोंडी दिले तरी चालेल, पण कैद नको, असे त्याचे म्हणणे होते. फाशीची शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली, परंतु मद्रासकडे नेत असताना वाटेतच पिस्तुलाच्या गोळीने त्याचा अंत झाला. टेलरने ती आत्महत्या असल्याचे लिहिले आहे. चोविसाव्या वर्षी याला मृत्युयोग आहे, हे पत्रिकेतील भाकीत टेलरला बरीच वर्षे आधी कळले होते, आणि ते खरे ठरल्याची नोंद करताना हा काटेकोर अधिकारी चाचरतो. आज कर्नाटकात वेंकटप्पा नायकाचे स्मरण स्वातंत्र्यवीर म्हणून केले जाते, आणि त्याच गावात टेलरने बांधलेला बंगला ‘टेलर मंझिल’ या नावाने ओळखला जातो.

त्याच्या कौटुंबिक जीवनाचा लेखनाशी काही संबंध आहे का?

आहे. त्याची पत्नी मेरी ही हैदराबादचा प्रसिद्ध सावकार विल्यम पामर याची मुलगी होती. पामरचे वडील जनरल पामर हे काही काळ पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होते, तर आई फैज बक्ष बेगम ही उत्तरेकडील मुसलमान घराण्यातील होती. मिश्र घरात लग्न केलेल्या आणि १८४४ मध्ये विधुर झालेल्या या माणसाने १८५७ च्या उठावावर कादंबरी लिहिली, तेव्हा तिच्यात इंग्रज न्यायाधीश आणि हिंदू विधवा सीता यांचा विवाह दाखवला. उठावानंतरच्या सूडाच्या वातावरणात असा विवाह सहानुभूतीने रंगवणे ही लहान गोष्ट नव्हती. अर्थात शेवटी सीतेला मारून लेखकाने इंग्रजी समाजाची अडचण दूर केली, हेही खरेच.

मराठी साहित्यावर त्याचा प्रभाव पडला का?

पडला, आणि तो अगदी मोक्याच्या जागी पडला. हरि नारायण आपटे यांची ‘म्हैसूरचा वाघ’ ही पहिली ऐतिहासिक कादंबरी टेलरच्या ‘टिप्पू सुलतान’ (१८४०) या कादंबरीच्या आधाराने लिहिलेली आहे. ‘उषःकाल’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’ लिहिणाऱ्या लेखकाने ऐतिहासिक कादंबरीची पाटी टेलरच्या अक्षरांवर गिरवली, असे म्हणता येईल. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ मध्ये आली, म्हणजे ‘तारा’नंतर आठ वर्षांनी. शिवकालावर कादंबरी लिहिता येते, हे एका इंग्रजाने आधी दाखवले आणि त्याने झुकवलेले पारडे सरळ करण्याचे काम पुढे मराठी लेखकांनी केले.

त्याने कादंबऱ्यांखेरीज आणखी काय लिहिले?

१८४० ते १८५३ या काळात तो लंडनच्या ‘टाइम्स’चा वार्ताहर होता. हिंदुस्थानच्या इतिहासावर विद्यार्थ्यांसाठी त्याने एक जाडजूड ग्रंथ लिहिला. सुरपूर भागातील महापाषाणयुगीन दफने (मोठ्या शिळा रचून केलेली प्राचीन थडगी) त्याने उकरली आणि मातीच्या थरांचे जे उभे छेद काढले, त्यांची वाखाणणी शंभर वर्षांनी पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर याने केली. चांदबिबीच्या जीवनावरील ‘अ नोबल क्वीन’ ही कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर, १८७८ मध्ये प्रसिद्ध झाली.

त्याच्या पुस्तकांपैकी आधी कोणते वाचावे?

वाचनाची सवय असलेल्यांनी थेट आत्मचरित्रापासून सुरुवात करावी. ते त्याची मुलगी अ‍ॅलिस हिने १८७७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर ‘कन्फेशन्स’ वाचावे, आणि प्रस्तावना गाळू नये. ती कादंबरी मराठीतही वाचता येते. ‘तारा’चे तीन खंड संथ आहेत. पहिल्या खंडातील तुळजापूरचा भाग आणि प्रतापगडची प्रकरणे एवढे वाचले तरी चालेल, मधली विजापुरातील कारस्थाने चाळली तरी फारसे बिघडत नाही. ‘राल्फ डार्नेल’ वगळावी. सर्व पुस्तकांचे स्वामित्वहक्क केव्हाच संपलेले असल्याने जुन्या आवृत्त्या डिजिटल ग्रंथालयांत विनामूल्य मिळतात. त्यांत गावांच्या नावांचे स्पेलिंग जुन्या पद्धतीचे आहे, त्यामुळे नाव मोठ्याने उच्चारून पाहावे आणि जवळ धाराशिव, लातूर व हिंगोली जिल्ह्यांचा नकाशा ठेवावा.